व्हीएलसी प्लेअर, खास करून प्लेलिस्टवाल्यांसाठी

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गणपतीत सकाळच्या भूपाळीपासून रात्रीच्या आरतीपर्यंत सगळं एका जुन्या लॅपटॉपवरून वाजतं, आणि ते मी व्हीएलसी या गाणी-व्हिडिओ वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच लावतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, २००१ पासून ओपन सोर्स (म्हणजे प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना खुला) आहे हे सगळं आहेच, पण मला ते आवडतं कारण कुठलीही प्लेलिस्ट फाइल, म्हणजे गाण्यांच्या यादीची फाइल द्या, बहुतेक उघडतंच. कुणाच्या पेनड्राइव्हवर एम३यू असते, इंटरनेट रेडिओची पीएलएस असते, कुणाकडे मायक्रोसॉफ्टची जुनी एएसएक्स, सगळं चालतं.

यातली एम३यू सगळ्यात जुनी, जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या विनप्ले३ या प्लेअरमधून आलेली, म्हणजे १९९५ चा काळ, आणि मग विनॅम्प या दुसऱ्या प्लेअरने ती घराघरात नेली. आत काहीच अवघड नाही हो, साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एका गाण्याच्या फाइलचं नाव किंवा पत्ता, हॅशने सुरू होणाऱ्या ओळींत गाण्याचं नाव आणि सेकंद. पण तिचा अधिकृत नियम असा कुणी कधी ठरवलाच नाही, त्यामुळे जो तो आपापल्या पद्धतीने लिहितो आणि आपल्याला त्रास होतो तो इथेच, कारण आपल्या फायलींची नावं मराठीत! जुन्या एम३यूत देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि गाणं सापडत नाही. म्हणून एम३यू८ घ्या, ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही नीट साठवणाऱ्या पद्धतीत असते. ॲपलने २००९ मध्ये लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी हाच प्रकार उचलला, त्यामुळे आज ही फाइल सगळीकडे दिसते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. व्हीएलसी बंद केलं की लावलेली यादी गेली, आधी कंट्रोल वाय दाबून सेव्ह करावीच लागते. सेव्ह करताना पहिला पर्याय एक्सएसपीएफ या आणखी एका प्लेलिस्ट प्रकाराचा येतो, फॉरमॅट म्हणून तो खरंच चांगला आहे, झिफ फाउंडेशन या ना-नफा संस्थेचा, कुणालाही वापरायला मोकळा, नीट लिहून ठेवलेला, पण गाडीतल्या स्टिरिओंना बहुतेक वेळा तो कळत नाही, तेव्हा खालच्या यादीतून एम३यू८ निवडा.

आणि एक कराच, सेव्ह केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. ओळीत डी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता असेल तर तो काढून नुसतं फाइलचं नाव ठेवा आणि गाणी व प्लेलिस्ट एकाच फोल्डरमध्ये टाका, मग पेनड्राइव्ह कुठल्याही लॅपटॉपला लावा, यादी तुटत नाही. मंडळात ऐनवेळी लॅपटॉप बदलावा लागतो तेव्हा याची किंमत कळते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो यादी आपोआप सेव्ह होत नाही म्हणून. फोनसाठीही व्हीएलसी आहे, तो फोल्डर तसाच्या तसा कॉपी करून तिथेही लावता येतो.