वस्तीची स्वतःची पॅरामेडिक सेवा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पॅरामेडिक सेवेची, म्हणजे रुग्णालयाआधीच उपचार सुरू करणाऱ्या प्रशिक्षित माणसांची, गाडी नवी आहे हे पहिल्याच दिवशी दिसते. सेवा कशी आहे हे कळायला महिने जावे लागतात. आठ महिन्यांनंतर मत पक्के झाले आहे: ही सेवा हवीच, ती वाढायलाही हवी. मात्र पैसा आधी माणसांवर आणि सरावावर घालावा, दुसरी गाडी नंतर.

सगळ्यात मोठा फायदा हृदय बंद पडलेल्या रुग्णाला. छातीदाब (हातांनी छाती लयीत दाबणे) आणि विजेचा शॉक मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. जवळच्या ठाण्यावरून गाडी लवकर निघते, तरी ती दारात येईपर्यंतची मिनिटे घरच्यांच्याच हातात असतात. म्हणून फोन उचलणारा माणूस गाडीइतकाच महत्त्वाचा. सुरुवातीला एक चूक वारंवार व्हायची. ‘श्वास चालू आहे का?’ असे विचारले की घरचे ‘हो’ म्हणत, कारण अधूनमधून येणारे आचके त्यांना श्वास वाटत. छातीदाब सुरूच होत नसे. आता प्रश्न बदलला आहे: ‘हाक मारल्यावर डोळे उघडतो का? छाती एकसारखी वरखाली होते का?’ दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले की फोनवरच मोजणी सुरू होते, मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा. एक प्रश्न बदलल्याने जे साधले, ते कोणत्याही महागड्या यंत्राने साधले नसते.

आता गाडीतल्या सामानाबद्दल. बिघाड बहुतेक वेळा तपासणीत निसटलेल्या साध्या गोष्टींत असतो. ३४० लिटरचा भरलेला ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला १५ लिटरने जेमतेम २२ मिनिटे पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर ११. जिन्यावरून रुग्ण खाली आणण्यातच तेवढी मिनिटे जाऊ शकतात, म्हणून अर्ध्यावर आलेला सिलिंडर बदलायचाच. सक्शनचा, म्हणजे घशातला स्राव ओढून काढणाऱ्या यंत्राचा, नुसता आवाज ऐकून ते चालते असे समजू नये. नळी चिमटून धरल्यावर ४ सेकंदांत काटा ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर चढला पाहिजे. शॉकच्या पॅडचा जेल वाळतो, त्यामुळे पाकिटावरची तारीख पाहायची. पॅडसोबत टॉवेल आणि वस्तरा ठेवायचा, कारण घामेजलेल्या किंवा केसाळ छातीवर पॅड चिकटत नाहीत. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची बाटली उघडी राहिली की दमट हवेने आकडा चुकतो. हे किरकोळ वाटेल, पण साखर फार उतरलेला रुग्ण अगदी पक्षाघातासारखा दिसू शकतो. साखर मोजल्याशिवाय पक्षाघात म्हणायचे नाही, आणि ‘शेवटचा नीट कधी दिसला’ ती वेळ लिहून घ्यायची. गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा निर्णय त्या वेळेवर ठरतो.

छातीत दुखणाऱ्याचा बारा लीडचा ईसीजी (हृदयाचा बारा बाजूंनी घेतलेला विद्युत आलेख) पोहोचल्यापासून १० मिनिटांत काढला जातो आणि पुढच्या रुग्णालयाला आधीच कळते. इथली नेहमीची चूक म्हणजे छातीवरच्या व्ही-१, व्ही-२ या लीडचे इलेक्ट्रोड फार वर लावणे. जागा चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधली. घाईत अंदाजाने लावले तर आलेख फसवतो.

सेवा वाढवताना हिशेब चुकतो तो इथे. आठवड्याचे तास १६८. गाडीवर दोघे, म्हणजे ३३६ माणूस-तास. प्रत्येकी ४८ तास धरले तरी ७ माणसे लागतात, तीही रजा, आजारपण आणि प्रशिक्षण न धरता. प्रत्यक्षात ९-१० जण नसतील, तर रात्रपाळीत थकलेला माणूस औषधाचा डोस मोजत असतो. शिवाय छोट्या वस्तीत गंभीर रुग्ण कमी, त्यामुळे हात विसरतात. श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम महिनोन्‌महिने येत नाही आणि येते तेव्हा चुकायला जागा नसते. त्यावर उपाय दोन: दर आठवड्याला पुतळ्यावर सराव, आणि नळी घातल्यावर कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला वायू मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन डायऑक्साइडची लहर दिसल्याशिवाय ती बरोबर बसली असे न मानणे.

वस्तीतल्याच माणसांना शिकवून हे जमते, हे जुनेच सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सेवेत डॉ. पीटर साफर यांच्या देखरेखीखाली हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी हे काम उत्तम केले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा उभारली आणि ही बंद पडली. चांगले काम करणारी सेवाही कायमच्या निधीविना टिकत नाही, म्हणून निधीची लेखी हमी आताच मागावी.

तक्रार एकच, पण गंभीर. पोहोचण्याच्या वेळेची सरासरी सांगितली जाते, आणि सरासरीत वाईट रात्री लपतात. दहापैकी नऊ वेळा किती मिनिटांत पोहोचले, हा आकडा हवा. तोही फोन आल्यापासून रुग्णाच्या अंगाला हात लागेपर्यंतचा. गाडी फाटकात थांबली की घड्याळ थांबवतात, आणि वरच्या मजल्यापर्यंतची मिनिटे कुठेच मोजली जात नाहीत.