पूर्वमंजुरी : टेक्ससची सूट की मिशिगनचं घड्याळ?

अमेरिकेत डॉक्टरांनी एमआरआय किंवा महागडं औषध लिहून दिलं, तरी अनेकदा आधी विमा कंपनीची पूर्वमंजुरी लागते. या अडवणुकीला लगाम घालायला दोन राज्यांनी वेगळ्या वाटा धरल्या.

टेक्ससचा २०२१ चा कायदा ‘गोल्ड कार्ड’ म्हणून ओळखला जातो. एखाद्या उपचारासाठी डॉक्टरांच्या सहा महिन्यांतल्या किमान ९० टक्के अर्जांना मंजुरी मिळाली असेल, तर त्या उपचारापुरती त्यांना पूर्वमंजुरीतून सूट. कल्पना झकास! पण हिशेब कोण करणार? विमा कंपनीच. शिवाय त्या कंपनीकडे त्याच उपचाराचे किमान पाच अर्ज गेलेले हवेत. अनेकांचे तेवढे भरतच नाहीत. सुरुवातीला जेमतेम ३ टक्के डॉक्टरांच्या हाती हे कार्ड पडलं. २०२५ मध्ये हिशेबाचा हा सहा महिन्यांचा काळ वाढवून एक वर्षाचा केला गेला.

मिशिगनने २०२२ मध्ये कंपन्यांनाच घड्याळ लावलं. तातडीच्या अर्जावर ७२ तासांत निर्णय, बाकीच्यांवर आधी नऊ आणि आता सात दिवसांत. मुदत हुकली की अर्ज मंजूर धरायचा. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर मला हीच वाट उजवी वाटते. अर्थात नकारही वेळेवर देता येतोच.

डॅलस-डेट्रॉईटच्या मराठी मंडळींनी मात्र आधी एचआरला विचारावं : आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का? उपचारांचा खर्च नोकरी देणारी कंपनीच उचलत असेल, तर १९७४ च्या ‘एरिसा’ या संघीय कायद्यामुळे राज्याचे असे नियम तिथे चालत नाहीत.