दोरी की पोकळ रबर? कुत्र्यासाठी खेळणं घेताना

घरी पिल्लू येऊन दोन-चार महिने झाले, चपलांचे पट्टे आणि दिवाणाचे पाय चावून झाले, की प्रश्न पडतोच: याला चावायला, खेळायला नेमकं काय द्यायचं? सांगली-मिरज रस्त्यावरच्या पेट शॉपमध्ये भिंतभर वस्तू टांगलेल्या असतात. त्यातल्या नको त्या बाजूला काढत गेलं, की माझ्या मते दोनच उरतात. एक, गाठी मारलेली सुती दोरी. दुसरं, आतून पोकळ असलेलं जाड रबराचं खेळणं. आमच्या खंड्यासाठी मी दोन्ही वापरली, अजूनही दोन्ही घरात आहेत. ज्यांना सध्या एकावरच पैसे घालायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बाजूला काय काढलं ते आधी थोडक्यात. शिटी वाजणारी कापडी खेळणी चावऱ्या कुत्र्यापुढे एक दुपारही टिकत नाहीत. आतला कापूस घरभर होतो आणि प्लॅस्टिकची शिटी पोटात जाण्याची भीती राहते. टेनिसचा चेंडू मैदानात पळवायला ठीक, पण चघळत बसायला देऊ नये. त्याच्यावरची लव खरखरीत, त्यात वाळू अडकते, दात झिजतात. मोठ्या जबड्याचं कुत्रं तो दाबून घशापर्यंतही नेऊ शकतं. खाटकाकडचं हाड, शिंग, खूर यांच्यावर आपल्याकडे फार भरवसा. पण कुत्र्याच्या वरच्या जबड्यातली चावायची जी मोठी दाढ असते, तिचा कपचा उडतो तो बहुतेक अशाच कडक वस्तूंवर. अंगठ्याचं नख दाबलं तर थोडं तरी रुतलं पाहिजे, एवढी परीक्षा पुरते. याकच्या दुधाची वाळवलेली छुरपी हल्ली मिळते, तिलाही हीच परीक्षा लावावी. आणि जुनी चप्पल खेळायला दिली, तर नवी चप्पल सोडून द्यावी हे कुत्र्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

खंड्या लॅब आणि गावठीचा क्रॉस आहे. तोंडात काहीतरी धरलेलं असावं ही त्याची गरज आहे, आणि मी म्हणतोय ते सगळं अशा कुत्र्याच्या अनुभवावरून. जतला मामांकडे कारवानी या शिकारी जातीची कुत्री आहे, तिचं तंत्र पूर्ण वेगळं. तिला पळणारी वस्तू दिसली पाहिजे. पकडली की तिचं काम संपलं. चघळत बसणं तिच्या स्वभावात नाही. तेव्हा आपलं कुत्रं पळवणारं आहे की चघळणारं, हे आधी बघून मग पुढचं वाचावं.

दोरीपासून सुरू करतो, कारण तिच्यावर माझा राग नाही. ओढाओढीच्या खेळात कुत्रं आणि माणूस जेवढे एकमेकांत रमतात, तेवढे दुसऱ्या कशात रमत नाहीत. संध्याकाळी मी घरी आलो की खंड्या दोरीकडे बघतो, मग माझ्याकडे, मग पुन्हा दोरीकडे. दहा मिनिटं ओढून झाली की त्याच्या अंगातली रग जिरते, फिरायला नेलं तरी तेवढी जिरत नाही. 'कुत्र्याला जिंकू दिलं तर ते डोक्यावर बसतं' असं बरेच जण सांगतात. ब्रिटनमध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांसोबत असा खेळ खेळून संशोधकांनी हे तपासलं होतं, २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कुत्रं जिंकलं की हरलं, त्यानं घरातल्या वर्चस्वाचा काही फरक पडलेला दिसला नाही. त्यामुळे जिंकू द्यावं, खुशाल. फक्त ओढताना दोरी आडवी, कुत्र्याच्या मानेच्या रेषेत ठेवावी. वर उचलून झटके देऊ नयेत. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. त्या काळात ओढाओढ अगदी हलक्या हातानं करावी.

दोरीवर फार खर्चही होत नाही. पेट शॉपमधल्या रंगीत दोरीऐवजी बेंदराच्या आधी बाजारात कासरे, म्होरक्या, गोंडे घेऊन बसतात त्यांच्याकडून जाड सुती कासऱ्याचा तुकडा घेतला आणि दोन गाठी मारल्या, तरी काम तेच होतं. नायलॉनचा मात्र घेऊ नये, त्याचे धागे हिरड्यांना कापतात. पावसाळ्यात सुती दोरी वाळत नाही, आपली काळी माती तिच्या पिळात जाऊन बसते आणि कुबट वास येतो. पण धुऊन पंख्याखाली टाकली की भागतं. एवढ्यावरून मी काही दोरी बाजूला केली नसती.

बाजूला केली ती सुतांमुळे. नवी असते तोवर दोरीचा पीळ घट्ट असतो. मग टोकांचे गोंडे विस्कटतात आणि गाठीतून एकेक सूत मोकळं व्हायला लागतं. ओढाओढ संपली की खंड्या दोरी पुढच्या दोन पायांत धरून बसायचा आणि पुढच्या बारक्या दातांनी एकेक सूत उपसायचा, अगदी मन लावून. फरशीवर सुतं, त्याच्या गोधडीत सुतं, पाण्याच्या भांड्यात सुतं. आई केर काढताना रोज विचारायची, हे कशाचं रे एवढं? केर काढता येतो. पण जी सुतं केरात सापडत नाहीत ती कुठं गेली, हे काही केल्या कळत नाही. एका सकाळी फिरायला नेलं असताना त्याच्या शीत सुतांचा गुंता निघाला, चांगला लांबलचक. खंड्याला काहीच झालं नव्हतं, शेपूट हलवत पुढे निघालाही. मी मात्र तिथून थेट डॉक्टरांना फोन केला.

त्यांनी जे समजावून सांगितलं ते दोरी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. चिंचोका किंवा कापडाचा लहान तुकडा पोटात गेला तर बरेचदा सरळ पुढे निघून जातो. लांब सुताचं तसं नाही. त्याचं एक टोक जठराच्या तोंडाशी अडकतं आणि बाकीचं आतड्यात उतरतं. आतडं ते पुढे ढकलायला बघतं, पण सूत सरकत नाही, मग आतडंच सुतावर चढत जातं. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड जसं चुण्या पडून गोळा होतं, तसं. ताणलेलं सूत पुढे आतड्याची भिंत कापूही शकतं. एक्स-रेमध्ये सुती धागा दिसत नाही. आतडं गोळा झालेलं दिसलं तर डॉक्टर त्यावरून ओळखतात, नाहीतर सोनोग्राफी करावी लागते. इलाज बहुधा ऑपरेशनच. कुत्रं सारखं ओकत असेल, खात नसेल, पोटाला हात लावू देत नसेल तर 'उद्या बघू' म्हणू नये. आणि मागून सूत लोंबताना दिसलं तर ते कधीही ओढू नये. आत दुसरं टोक अडकलेलं असू शकतं. तसंच दवाखान्यात न्यावं.

हे कळल्यानंतर दोरीचा खेळ मी बंद केला नाही, पण त्याचे नियम बदलले. खेळ झाला की सुटलेले धागे कात्रीनं कापायचे आणि दोरी वर खिळ्याला टांगायची. पीळ सुटायला लागला की ती टाकून द्यायची. म्हणजे दोरी माणसाच्या हातात असेल तोवरच ती खेळणं आहे. आमची अडचण अशी की खंड्याला खेळणं लागतं ते नेमकं हातात धरायला कुणी नसताना. आम्ही दोघं सकाळी कामावर जातो, दुपारी आई थोडी आडवी होते, आणि दोन ते चार या वेळात खंड्याच्या अंगात येतं. त्या वेळेला जे खेळणं नजरेआड ठेवता येत नाही, ते माझ्या निम्म्याच उपयोगाचं. वर्षानुवर्षं दोरीशी खेळणारी आणि ठणठणीत असलेली कुत्री मी पाहिली आहेत, हेही सांगायला हवं. मामांची कारवानी तर सूत तोंडातही धरत नाही. तिच्यासाठी दोरीला चिंधी बांधून ती जमिनीवरून पळवणं हाच उत्तम खेळ.

आता रबर. या पोकळ खेळण्यांमध्ये 'काँग' सगळ्यांत माहितीतलं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात खराब करून घ्यायचा. ते फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना तिच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झनं उचलला आणि दगड सोडून त्यालाच चिकटला. त्यावरून पुढे १९७६ मध्ये हे खेळणं आलं. पिल्लांसाठी त्याचं मऊ रबर फिकट गुलाबी किंवा निळ्या रंगात येतं, नेहमीचं लाल, आणि जास्त चावऱ्या कुत्र्यांसाठी कडक काळं. लाल रंग आपल्याला उठून दिसतो, पण कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो. हिरवळीवरचं लाल खेळणं तो नाकानंच शोधतो. घरात त्यानं काही अडत नाही.

पोकळ असण्याचा खरा उपयोग आत खाणं भरण्यासाठी. मी शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा चुरा दह्यात कालवतो, कधी उकडलेला लाल भोपळा, कधी बिनमिठाचं उकडलेलं चिकन. ठासून भरायचं आणि रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचं. दुपारी आईनं ते खंड्यापुढे टाकलं की तो कोपऱ्यात जाऊन चाटत, चावत, उलटंपालटं करत बसतो. घड्याळ लावून मी कधी पाहिलं नाही, पण आईची डुलकी पुरी होईपर्यंत त्याचं चालतं, आणि संपल्यावर तो स्वतःच झोपतो. दिवाणाचा पाय तेव्हापासून शाबूत आहे. दात येण्याच्या वयात पिल्लाच्या ठणकणाऱ्या हिरड्यांना ते गार रबर बरंही वाटतं.

भरताना मात्र आपल्या इथल्या दोन गोष्टींचं भान ठेवावं. तासगावचा बेदाणा सांगलीत घरोघरी असतो आणि प्रेमानं दोन दाणे आत टाकावेसे वाटतात. कुत्र्याला बेदाणे आणि द्राक्षं देऊच नयेत. त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ल्यानं होईल याचा कुत्र्यागणिक नेम नाही. दुसरं, रस्सा. कांदा-लसूण असलेलं काही नको, म्हणजे कालचं उरलेलं कालवण बाद. इंटरनेटवर सगळे पीनट बटर भरायला सांगतात. काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हे गोडवा आणणारं द्रव्य असतं, ते कुत्र्याला विषारी आहे. त्यापेक्षा घरच्या भाजलेल्या शेंगदाण्याचा चमचाभर कूट दह्यात मिसळावा. दाणे खवट किंवा बुरशी लागलेले नसावेत.

रबराच्याही तक्रारी आहेत. सगळ्यांत मोठी मुंग्यांची. आत चिमूटभर भाकरी उरली की तासाभरात लाल मुंग्यांची रांग लागते. त्यामुळे संपलं की लगेच उचलून बाटली धुवायच्या ब्रशनं आतून धुवावं लागतं, आणि आई म्हणते तसं हे घरात एक भांडं वाढल्यासारखंच आहे. उन्हात गच्चीवर राहिलं तर रबर चिकट होतं, चिरा पडतात; तेलकट भरल्यानंही ते लवकर खराब होतं. पैसे दोरीच्या कितीतरी पट जातात. आणि दोरीनं जी जवळीक होते ती यानं होत नाही. खेळणं मिळालं की खंड्याला मी समोर असलो काय, नसलो काय, सारखंच.

तरीही एकच घ्यायचं असेल आणि कुत्रं दिवसातले काही तास एकटं राहत असेल, तर मी रबर घ्या म्हणेन. धुण्याचा त्रास मला दिसतो तरी. पोटात गेलेलं सूत दिसत नाही. घरात दिवसभर कुणी ना कुणी असेल, मुलं खेळायला असतील, किंवा कुत्रं कारवानीसारखं पळणारं असेल, तर आधी दोरी घेण्यात काही चूक नाही.

दुकानात तीन गोष्टी हातात घेऊन बघाव्यात. आकार असा हवा की पूर्ण खेळणं कुत्र्याच्या तोंडात मावता कामा नये. शंका असेल तर एक माप मोठं घ्यावं. नख दाबून बघावं. आणि भोकं दोन्ही बाजूंना आहेत ना हे नक्की पाहावं. काही स्वस्त पोकळ चेंडूंना एकच भोक असतं. चाटताना आतली हवा ओढली जाते आणि जीभ आत फसून सुजते, मग ती निघत नाही. दुसरं भोक असलं की हवा खेळती राहते. घरी आणल्यावर आठवड्यातून एकदा खेळणं दाबून वाकवून बघावं, आणि चीर दिसली किंवा तुकडा निघायला लागला की किंमत कितीही असो, टाकून द्यावं.