फोस्टॅक (अन्न सुरक्षेचं सरकारी) ट्रेनिंग केलं, पैसे वसूल (जेवण सोडून)

आमचं छोटं मिसळीचं हॉटेल आहे, एजंट म्हणाला २५ कामगारांमागे एक ट्रेनिंग घेतलेला सुपरवायझर लागतो, म्हटलं चला मीच बसतो. एक दिवसाचा क्लास. सर शिकवतात भारी, गरम पदार्थ ६० डिग्रीच्या वर, थंड ५ च्या खाली हे तर झालंच पण वडे तळलेल्या तेलात मीटर बुडवून दाखवला, पोलर कंपाऊंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल बाद, आणि मी आमची कढई आठवून गप्प बसलो 😅 नावं ठेवायची तर सर्टिफिकेटवर आडनाव चुकलं, दुरुस्तीला चार फोन. आणि फूड सेफ्टीच्या क्लासला दुपारचं जेवण आलं ते बिनझाकणाच्या पातेल्यात! तरी चार स्टार.