कॉलेज खरं होतं, प्रवेश खोटा होता

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत पात्रतेपुरते गुण मिळालेल्या मुलांच्या घरी निकालानंतर जे दिवस येतात, त्या दिवसांवर परदेशातल्या एमबीबीएसचे प्रवेश लावून देणारे एजंट जगतात. सरकारी कॉलेज मिळणार नाही हे काउन्सिलिंगच्या पहिल्या फेरीआधीच कळलेलं असतं. खासगीची फी ऐकून घरातलं बोलणं थांबतं. मग रिपीट की परदेश, एवढाच प्रश्न उरतो. २०२३ च्या निकालानंतर आमच्याकडे हेच झालं. मुलीला पुन्हा बसायचं होतं. फिजिक्सनं घात केला होता, बायोलॉजी चांगलं होतं, आणि वर्षभरात बराच फरक पडेल असं तिचे सरही म्हणत होते. हे आधी सांगते, कारण पैसे नंतर गेले. त्याआधी अशाच एका एजंटनं तिचा हा निर्णय तिच्या हातून काढून घेतला.

निकालाच्या सुमारास लातूरच्या क्लासेसच्या भागात परदेशी एमबीबीएसचे सेमिनार भरतात. तिथे नंबर लिहून दिला की फोन सुरू होतात. आम्हाला फोन करणारा माणूस अतिशय अदबीनं बोलायचा. मला ताई म्हणायचा, मुलीला बेटा. रिपीट वाईट असं तो एकदाही म्हणाला नाही. तो म्हणायचा, "ताई, रिपीट कराच, पण पुढच्या वर्षीपासून अटेम्प्टवर मर्यादा येतेय. वयाचीही अट लागतेय. तेव्हा पुन्हा कमी पडले तर दोन्हीकडून जाल." हे धडधडीत खोटं होतं. नीट कितीदाही देता येते आणि कमाल वयाची अट २०२२ मध्येच काढून टाकलेली आहे. परदेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो, ही खरी गोष्ट मात्र त्यानं लपवली. ती कळली असती तर घाईचं कारणच उरलं नसतं. एक वर्ष रिपीट करून, नाहीच जमलं तर त्याच जुन्या निकालावर बाहेर जाता आलं असतं.

परत आल्यावर भारतात द्याव्या लागणाऱ्या परीक्षेबद्दल विचारलं तर म्हणाला, "एफएमजीई बंद होतेय, नेक्स्ट येतेय, सगळ्यांना एकच पेपर." एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांची ही पात्रता परीक्षा, आजही वर्षातून दोनदा होते. ३०० पैकी १५० गुण लागतात आणि बहुतेक सत्रांत चारांतला एखादाच पास होतो. बाहेर जाऊन चांगले डॉक्टर झालेली मुलं आहेतच आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण हा आकडा समोर ठेवून निर्णय घेणं वेगळं आणि तो दडवून घ्यायला लावणं वेगळं.

कॉलेज मध्य आशियातल्या एका सरकारी विद्यापीठाचं होतं आणि ते खरोखर अस्तित्वात आहे. वैद्यकीय कॉलेजांच्या जागतिक यादीत नाव होतं, वेबसाइट होती, तिथे शिकणारी भारतीय मुलं व्हिडिओ कॉलवर बोलली. "एनएमसीची मान्यता आहे" असं छापील पत्रकावर होतं. एनएमसी, म्हणजे आपला राष्ट्रीय वैद्यक आयोग, परदेशातल्या कुठल्याही कॉलेजला अशी मान्यता देत नाही. त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम केले आहेत आणि तुमचं शिक्षण त्यात बसलं तरच इथल्या परीक्षेला बसता येतं. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याशिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. त्या देशाच्या नागरिकाला मिळतो तसाच प्रॅक्टिसचा परवाना तिथे मिळाला पाहिजे. हे सगळं दहा वर्षांच्या आत, मधेच कॉलेज न बदलता. एखादं कॉलेज कितीही नामांकित असो, यातली एक अट चुकली की पदवी भारतात उपयोगाची नाही. पत्रकावर यातलं एक अक्षर नव्हतं.

मुलीला दिलेलं प्रवेशपत्र दोन भाषांत होतं. वर इंग्रजीत विद्यापीठाचं नाव आणि "जनरल मेडिसिन", खाली रशियन लिपीतला मजकूर. त्या खालच्या मजकुरात प्रवेश पूर्वतयारी विभागात असल्याचं लिहिलं होतं, म्हणजे एक वर्ष भाषा शिकायची आणि नंतर स्थानिक माध्यमातल्या वर्गात बसायचं. तिथे पोचल्यावर हे कळलं. इंग्रजी माध्यमाच्या जागा केव्हाच भरल्या होत्या आणि एजंटला ते माहीत होतं, कारण त्याचाच तिथला माणूस मुलांना त्या विभागात सोडून गेला. पासपोर्ट "नोंदणीसाठी" म्हणून त्यानंच ठेवून घेतला होता. माझी पोर परक्या गावात, थंडीत, पासपोर्टशिवाय. त्या दिवसांबद्दल मला अजूनही नीट लिहिता येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकली, दूतावासाला ईमेल केले, ही बातमी त्या माणसापर्यंत गेली आणि पासपोर्ट हातात आला. ती परतली. रिपीटचं ते वर्ष मात्र गेलं.

पैशांचं असं केलं होतं. विद्यापीठाची फी बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठवायची असते. इथे "आमच्याकडून डॉलर स्वस्त पडतो" म्हणून साडेतीन लाख रुपये एका व्यक्तीच्या खात्यावर आणि काही रोख घेतले. पावती वेगळ्याच नावाच्या फर्मची, आणि तिच्यावर कॉलेजचा उल्लेख नाही, फक्त "सल्ला शुल्क". ही पावती त्यांनी पुढच्या भांडणासाठीच तशी बनवलेली असते. पैसे मागितल्यावर उत्तर आलं की सल्ला दिला, शुल्क घेतलं, व्यवहार पूर्ण. पोलीस ठाण्यात आधी दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं. व्हॉट्सॲपवरचं "इंग्लिश मीडियम गॅरंटी" हे वाक्य आणि प्रवेशपत्राचं प्रमाणित भाषांतर जोडून, फसवणुकीच्या ४२० व्या कलमाखाली पुन्हा लेखी अर्ज दिला तेव्हा तो घेतला. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे अनेक पालकांना माहीत नसतं. फोनवरच्या गोड बोलण्याचा पुरावा राहत नाही. प्रत्येक फोननंतर "तुम्ही असं म्हणालात" असा मेसेज पाठवून उत्तर मिळवा.

एजंटकडे जायचंच असेल तर २०२१ च्या नियमांतली एकेक अट त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून मागा. आमच्यानंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी हे केलं, तर त्या माणसानं त्यांचे फोन घेणं बंद केलं. प्रवेशपत्रातल्या परदेशी मजकुराचं भाषांतर स्वतः करून घ्या, एजंटनं दिलेलं नको. आणि ज्यांच्या मुलांच्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका किंवा पासपोर्ट "फाइलसाठी" एजंटच्या कपाटात आहेत, त्यांनी ते आजच जाऊन परत आणा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंटला तो अडकवून ठेवण्याचा काहीही अधिकार नाही. माझ्या मुलीच्या बॅचमधल्या दोघांच्या गुणपत्रिका अजून त्याच्याकडेच आहेत आणि त्यांना इथे दुसरीकडे प्रवेशही घेता येत नाही.