एलवाय, मराठी अर्थ की शब्दाचं काम? ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब ओळखण्याच्या तीन वाटा

इंग्रजी शब्द ॲडजेक्टिव्ह आहे की ॲडव्हर्ब, हे ओळखायला आपल्याकडे तीन वाटा वापरतात. शब्दाच्या शेवटी ‘एलवाय’ आहे का ते बघायचं, मराठीत अर्थ लावून बघायचा, नाहीतर शब्द वाक्यात कुणाबद्दल सांगतोय ते शोधायचं. मुलाला यातलं काय शिकवू, असं पालक विचारतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारेही हेच विचारतात. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मी तिन्ही वापरून पाहिल्या आहेत.

एलवायची वाट सगळ्यात झटपट. स्लो–स्लोली, क्विक–क्विकली, पहिला विशेषण, दुसरा क्रियाविशेषण. पेपरात वेळ कमी असतो तेव्हा हिचा मोठा आधार. पण फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, कावर्डली हे सगळे ॲडजेक्टिव्ह आहेत, आणि फास्ट, हार्ड यांना शेपूट नसूनही ते ॲडव्हर्ब म्हणून चालतात. गाईडमध्ये हे अपवाद म्हणून पाठ करायला देतात. पाठ करण्याआधी कारण समजून घ्या. जुन्या इंग्रजीत हे शेपूट विशेषणालाच लागत असे. क्रियाविशेषण करायचं तर शब्दाच्या शेवटी आणखी एक ‘ई’ हे अक्षर यायचं. पुढे ते झडलं आणि दोन्ही रूपं एकसारखी दिसू लागली. फास्ट आणि हार्डची क्रियाविशेषणंही अशाच ‘ई’ने ओळखू येत, ती गेल्यावर मूळ शब्दच उरला. म्हणून एलवाय काढून मागे काय उरतं ते बघा. फ्रेंड, लव्ह, कॉस्ट अशी नामं उरली, तर बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह. स्लो, क्विक अशी विशेषणं उरली, तर बहुतेक वेळा ॲडव्हर्ब. डेली आणि वीकली मात्र दोन्ही कामं करतात.

या वाटेचा खरा धोका लिहिताना कळतो. ‘मी खूप मेहनत केली’ असं सांगायचं म्हणून मुलं ‘आय वर्क्ड हार्डली’ लिहितात. त्याचा अर्थ होतो, मी जेमतेम काम केलं! नोकरीच्या अर्जात हे वाक्य गेलं तर काय होईल, विचार करा.

मराठी अर्थाची वाट अनेक शिक्षकांना कमी प्रतीची वाटते. मला तसं वाटत नाही. ती एका ठिकाणी दगा देते, तो आधी सांगते. ‘मुलगा चांगला गातो’, ‘मुलगी चांगली गाते’. इथे ‘चांगली’ गाण्याबद्दल सांगते, पण रूप मुलीप्रमाणे बदलतं, म्हणून मुलांना ते विशेषण वाटतं आणि वहीत ‘शी सिंग्ज गुड’ उमटतं. तिथे ‘वेल’ हवं. हे मुलांचं अज्ञान नाही, मराठीची सवय आहे. तिथे रागावून उपयोग नाही.

पण जिथे इंग्रजी सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं, तिथेच मराठी तारते. ही दोन वाक्यं बघा: ‘ही लुक्ड अँग्री’ आणि ‘ही लुक्ड ॲट मी अँग्रिली’. दोन्ही बरोबर. इंग्रजीत क्रियापद एकच, मराठीत मात्र दोन: तो रागावलेला दिसला, त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. टेस्टचंही तसंच. आमटी चांगली लागते, तेव्हा ‘टेस्ट्स गुड’. आई आमटी जपून चाखते, तेव्हा ‘टेस्ट्स केअरफुली’. स्मेल म्हणजे वास येणं आणि वास घेणं, फील म्हणजे वाटणं आणि चाचपणं. मराठीत दिसणं, लागणं, वाटणं, वास येणं आलं की पुढे ॲडजेक्टिव्ह. पाहणं, चाखणं, चाचपणं, वास घेणं आलं की ॲडव्हर्ब. ‘शी लुक्स हॅपिली’ लिहिणाऱ्या एका मुलीला मी एवढंच विचारलं, ‘ती दिसते की पाहते?’ तिने लगेच शेवटची अक्षरं खोडून शब्द हॅपी केला.

प्रेपोझिशनलाही हीच युक्ती लावता येते. ‘बिफोर लंच’ म्हणजे जेवणापूर्वी: नामाला चिकटलं, म्हणजे शब्दयोगी, म्हणजेच प्रेपोझिशन. ‘आय हॅव सीन इट बिफोर’ म्हणजे पूर्वी पाहिलंय: सुटं उभं राहिलं, म्हणजे ॲडव्हर्ब. ‘बिफोर ही केम’मध्ये मात्र पुढे अख्खं वाक्य आहे, म्हणून ते कंजंक्शन, म्हणजे उभयान्वयी. मराठीत आपण ‘तो येण्यापूर्वी’ म्हणतो, तिथे मराठी पुरत नाही.

तिथून पुढे तिसरी वाट, शब्दाचं काम बघण्याची. ती सावकाश चालते, पण फसवत नाही. ‘राउंड’ घ्या. राउंड टेबलमध्ये तो ॲडजेक्टिव्ह, ‘टर्न राउंड’मध्ये ॲडव्हर्ब, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये प्रेपोझिशन, मॅचच्या पहिल्या राउंडमध्ये नाम, आणि आकडा राउंड करतो तेव्हा क्रियापद. यात शेपूट नाही आणि मराठी प्रतिशब्दही दरवेळी वेगळा.

तुमची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल, तर एलवाय, ते काढून बघण्याची खूण आणि एलवाय लागल्यावर अर्थच बदलणाऱ्या हार्ड–हार्डली, लेट–लेटली, निअर–निअरली या जोड्या एवढ्यावर भागवा. पाचवी-सहावीचं मूल असेल, तर मराठीपासूनच सुरुवात करा; विशेषण आणि क्रियाविशेषण त्याला मराठीच्या तासाला भेटलेलेच असतात. ‘चांगली गाते’चा सापळा मात्र पहिल्याच आठवड्यात दाखवा. आणि हाताशी वर्ष असेल, तर रोज पाच वाक्यं घेऊन प्रत्येक शब्दाखाली बाण काढायला लावा: हा शब्द कुणाबद्दल सांगतोय? बाण नामाकडे गेला की ॲडजेक्टिव्ह, क्रियापदाकडे, विशेषणाकडे किंवा दुसऱ्या ॲडव्हर्बकडे गेला की ॲडव्हर्ब. पहिला महिना वही बाणांनी बरबटेल. बरबटू द्या.