पोटाचा एक्स-रे की सोनोग्राफी?

पोटदुखीसाठी डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला, तर ‘सोनोग्राफी का नाही?’ असा प्रश्न अनेक रुग्णांना पडतो. परंतु या दोन तपासण्या एकमेकींची जागा घेणाऱ्या नाहीत. आतड्यात अडथळा निर्माण होऊन हवा व द्रव साठला असल्यास, किंवा मुलाने नाणे गिळले असल्यास, एक्स-रे काही मिनिटांत उपयुक्त चित्र देतो. त्याच हवेमुळे सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी अडतात. याउलट, पित्ताशयातील बहुतेक खडे एक्स-रेमध्ये दिसतच नाहीत, म्हणून तेथे सोनोग्राफीच सरस ठरते.

एक्स-रेसाठी सहसा उपाशी राहावे लागत नाही. धातूच्या वस्तू काढून, सांगितल्यावर क्षणभर श्वास रोखणे पुरते. पित्ताशयाच्या सोनोग्राफीपूर्वी मात्र साधारण 6 ते 8 तास उपवास आवश्यक असतो, आणि ओटीपोट पाहायचे असल्यास मूत्राशय भरलेले लागते (ती प्रतीक्षा अनेकांना तपासणीपेक्षा जड वाटते).

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. एक्स-रेमध्ये तो असतो, परंतु पोटाच्या सीटी स्कॅनच्या तुलनेत बराच कमी. तरीही गर्भधारणेची थोडीही शक्यता असल्यास तंत्रज्ञांना आधीच सांगावे.